प्रमादरत्न

१२ जानेवारी १९६१

आज वाचनालयात पाऊण तास बोललो. विषय नेहमीचाच, आमच्या गौरांबापुरमची पाण्याची टाकी. सहा वर्षांपूर्वी पंचायतीने चार खांब उभे केले. त्यांवर टाकी यायची होती. खांब अजून उभे आहेत आणि वर आभाळ आहे. लोक त्याला 'नालुकाल मंडपम' म्हणतात, चार पायांचा मंडप, आणि सणासुदीला खांबांना आंब्याचे डहाळे बांधतात. मी रोमच्या कालव्यांपासून सुरुवात केली. दोन हजार वर्षांपूर्वी मेलेल्या राज्याचे पाणी अजून वाहते आणि आपले जिवंत राज्य चार खांबांवर वाळत पडले आहे, या वाक्याला टाळ्यांचा गडगडाट झाला. मग सगळे उठून कापी प्यायला गेले. पंचायतीचा प्रेसिडेंट अरुणगिरी पहिल्या रांगेत होता. तोही टाळ्या वाजवत होता.

ही वही मी मराठीत लिहितो, कारण या घरात देवनागरी माझ्याखेरीज कोणी वाचत नाही. भागीरथी मराठी बोलते, पण वाचते तमिळ. लेकीला, राजमला, मराठी कळते आणि ती उत्तर तमिळात देते. तेव्हा इथे खरे लिहायला हरकत नाही.

वीस वर्षे बोलतो आहे आणि माझ्या बोलण्याने काही होत नाही. हे वाक्य आज पहिल्यांदा लिहिले.

१६ जानेवारी

संध्याकाळी शेषाद्री आणि सेतुराम आले. शेषाद्री निवृत्त पोस्टमास्तर, सेतुरामचा लहानसा छापखाना आहे. आम्ही तिघे रस्त्याकडच्या तिण्णैवर बसलो. दुसऱ्या कुठल्या गावात मराठी माणूस तिला ओटा म्हणत असेल.

मी म्हणालो, "शिव्यांना हे लोक सरावले. आता सत्कार करायचा."

"कोणाचा?"

"ज्यांनी काही केले नाही त्यांचा. दर वर्षी. हार, मानपत्र, पोन्नाडै, सगळे खरे. कारण तेवढे उलटे." पोन्नाडै म्हणजे जरीकाठी शाल. ती खांद्यावर पडल्याखेरीज इकडे कोणाचा सत्कार झाला असे कोणी मानत नाही.

"आणि पदवी?" सेतुराम.

"प्रमादरत्न."

शेषाद्री हसला आणि मग हसायचा थांबला. "सदाशिवा, तमिळात प्रमादम म्हणजे फक्कड. डोसा चांगला झाला तरी लोक प्रमादम म्हणतात."

"आणि आपल्यात?"

"आपल्यात घोडचूक."

"तोच तर डाव आहे. एका कानाने ऐकणारा फुगेल, दुसऱ्या कानाने ऐकणारा जळेल."

"तो दुसरा कान गावात किती जणांना आहे?"

"तुला आहे, मला आहे, सेतुरामला आहे."

"मला अर्धाच," सेतुराम म्हणाला. "आमच्या अप्पांनी मला मराठी फक्त रागावताना ऐकवली."

"म्हणजे अडीच," शेषाद्री म्हणाला. "क्रांती या तिण्णैवर मावेल."

त्याला चेष्टा सुचते. पोस्टात आयुष्य गेले की माणूस दुसऱ्याच्या मजकुराकडे असाच पाहू लागतो.

२२ जानेवारी

मानपत्र लिहून झाले. मजकूर तमिळात, पदवी वर मोठ्या देवनागरी अक्षरांत. सातवे वाक्य मला फार साधले आहे: 'आपण सहा वर्षांत जे करून दाखवलेत, ते दुसऱ्या कोणाला साठ वर्षांतही साधले नसते.'

भागीरथी छत्रातल्या, म्हणजे धर्मशाळेतल्या, विहिरीवरून दुसरे कुडम घेऊन येत होती. पितळी घागर कमरेवर आणि दुसरा हात भिंतीला. तिला थांबवून वाक्य ऐकवले.

"शिव्या द्यायच्या तर द्या," ती म्हणाली. "शाल कशास? ती मज द्या, कमरेस बांधते."

मी तिला उपरोध म्हणजे काय ते समजावून सांगितले. तिने घागर खाली ठेवली.

"राजम मार्चांत येते. मेमध्ये बाळंतपण. तेव्हां कालवा कोरडा आणि आपल्या विहिरीस तळ दिसतो. बाळंतिणीच्या घरास दिवसास वीस कुडम लागतात. तुम्ही ओरडा, सत्कार करा, नाहीतर पाया पडा. मेच्या आंत पाणी आणा."

"आणतो," मी म्हणालो.

"बोलतां की आणतां?"

शब्द दिला आहे.

५ फेब्रुवारी

छत्राच्या अंगणात समारंभ झाला. तीन मानकरी निवडले होते. नऊ वर्षे 'अंक लवकरच' असे छापणारे संपादक आणि शाळेच्या छपराची वर्गणी जमवून झाल्यावर छप्पर विसरलेले एक गृहस्थ आले नाहीत. अरुणगिरी आला. नवी वेष्टी नेसून, ऐंशी वर्षांच्या आईला सायकल-रिक्षातून घेऊन. त्याचे सायकलींचे दुकान आहे आणि रिक्षाही त्याचीच.

मी असा बोललो की तसा कधी बोललो नव्हतो. उपरोधाला मी इतकी धार दिली होती की एकेका वाक्यावर त्याला घाम फुटायला हवा होता. लोक टाळ्या वाजवत होते. सातव्या वाक्याला मागून कोणी तरी ओरडले, "प्रमादम, प्रमादम!" आणि सारे अंगण तेच म्हणू लागले. अरुणगिरीच्या आईने पदराने डोळे पुसले. शेषाद्री माझ्याकडे बघत नव्हता.

पोन्नाडै मी स्वतः त्याच्या खांद्यावर घातली. तो हसला नाही. मानपत्र हातात घेऊन त्याने तिथेच उभ्या उभ्या दोनदा वाचले. मग वरच्या देवनागरी अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "रायर, हे तुमच्या भाषेतले अक्षर ना?" इकडची माणसे आम्हा मराठ्यांना रायर म्हणतात. मी म्हणालो, हो, आमच्याच. "नीट ठेवीन," तो म्हणाला.

अंगावर चाबूक पडला आणि हा म्हणतो, रेशमी आहे.

९ फेब्रुवारी

बाजारात तीन माणसांनी थांबवून माझे अभिनंदन केले. एका छत्राच्या विश्वस्तांचे पत्र आले आहे. सोबत त्यांचा फोटो आणि न केलेल्या कामांची यादी, म्हणजे त्यांच्या मते केलेल्या. 'पुढील वर्षी प्रमादरत्नासाठी माझा विचार व्हावा.' सेतुरामने ते पत्र चष्मा काढून वाचले, मग चष्मा लावून वाचले.

"छापू का?" म्हणाला.

त्याच्यावर ओरडलो. त्याचा काही दोष नव्हता.

२१ फेब्रुवारी

अर्ज द्यायला पंचायतीत गेलो. मानपत्र चौकटीत घालून टांगले आहे. माणसे आपला सत्कार खुर्चीच्या मागे टांगतात, येणाऱ्याला दिसावा म्हणून. याने समोरच्या भिंतीवर, दाराच्या वर टांगला आहे. आत येणाऱ्याला तो दिसतच नाही, फक्त खुर्चीत बसलेल्याला दिसतो. दिवसभर स्वतःची स्तुती स्वतःच वाचत बसायची ही हौस. इतका आत्मसंतुष्ट माणूस मी कुठल्या इतिहासात वाचला नाही.

पंचायतीचे कारकून कृष्णाजी आपल्यातलेच, मोडी आणि देवनागरी दोन्ही जाणणारे. त्यांच्याकडे बघून मी डोळा मिचकावला. त्यांनी मान खाली घालून माझ्या अर्जावर शिक्का मारला.

७ मार्च

चार खांबांना बांबूची परांची लागली. गवंडी आले आहेत. रस्त्याच्या कडेला लोखंडी नळ रचले आहेत आणि बकऱ्या त्यांवर चढतात.

भागीरथी सकाळी दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन बघून आली. शेषाद्री म्हणाला, "बघ, स्तुती कामाला आली."

"ती स्तुती नव्हती."

"हे तुला माहीत आहे."

दिवसभर वर्गात लक्ष नव्हते. मुलांना पानिपत शिकवायचे होते आणि मी खडू हातात घेऊन खिडकीशी उभा. शब्दाला धार असते म्हणून मी आयुष्यभर सांगितले. आणि हा माणूस कामाला लागला तो चुकीचा शब्द चुकीचा ऐकून. मग माझी वीस वर्षे काय होती? शहाण्या गावाला फटकारून सरळ करता येते ही माझी श्रद्धा. गोंजारून सरळ होणारे गाव मला नको आहे.

सेतुरामच्या पत्रकात लेख लिहून शब्दाचा खरा अर्थ सांगायचा असे ठरवले. पहिली ओळ भागीरथीला वाचून दाखवली.

"आज लिहाल तर उद्या परांची उतरेल."

"सत्य आहे ते."

"असू दे सत्य. कोठें पळून जाते? नळास पाणी आलें की सांगा. तोंवर तोंड बंद. राजमच्या गळ्याची शपथ घ्या."

शपथ घेतली नाही, पण हो म्हणालो. तिने तेवढ्यावर विश्वास ठेवला.

२९ मार्च

राजम आली. जावयाने कुंभकोणमहून बसने आणून सोडले. आठवा सरला आहे, पाय सुजले आहेत.

आमच्या विहिरीत आता बादली वाकडी होऊन खरडते. भागीरथीचा पाय छत्राच्या विहिरीवर घसरला. हाड मोडले नाही, पण वैद्याने आठ दिवस बसायला सांगितले आहे. दुपारी मी एप्रिलातल्या तमिळ वर्षारंभाच्या सभेचे टिपण काढत होतो, आवाज आला म्हणून वर पाहिले, तर राजम कुडम घेऊन दारातून आत येत होती.

"तुला कोणी सांगितले हे?"

"मग कोण आणणार, अप्पा?" तमिळात म्हणाली.

मी म्हणालो, या गावाची ही लाजिरवाणी अवस्था आहे आणि मी ती सभेत मांडणार आहे. ती म्हणाली, "मांडा." मग स्वयंपाकघरात गेली. मी उदाहरण म्हणून तिचा प्रसंग टिपणात घातला. चांगला परिणाम होईल.

१५ एप्रिल

वर्षारंभाची सभा. लिहायलाच हवे, म्हणून लिहितो.

विषय होता 'शब्द आणि सत्य'. संयोजकांनी हाच विषय द्यायला नको होता. पाचशे माणसे होती. माझ्या आधीचा वक्ता उठला आणि म्हणाला की ज्यांनी आपल्या प्रेसिडेंटना प्रमादरत्न देऊन टाकीचे काम सुरू करवले ते सदाशिव रायर आता बोलतील. पाचशे माणसांनी टाळ्या वाजवल्या. वीस वर्षांत पहिल्यांदा गाव माझे ऋण मानत होते आणि ते ऋण खोटे होते.

मी सांगून टाकले. प्रमाद म्हणजे घोडचूक. मानपत्राचे एकेक वाक्य घेऊन उलटे करून दाखवले. मागच्या बाजूला एक हसला, मग दहा, मग सगळे. खरा उपरोध शेवटी लोकांना कळला. त्या क्षणी मला जे वाटले ते लपवत नाही, मला आनंद झाला.

अरुणगिरी व्यासपीठावरच होता. उठून गेला नाही. शेवटपर्यंत बसला.

घरी आलो तर बातमी आधी पोचली होती. भागीरथीने ताट वाढले, पाणी ठेवले आणि आत गेली.

१९ एप्रिल

परांचीवर चार दिवस माणूस नाही. पंचायतीतले विरोधक चौकशी मागत आहेत. सायकलीच्या दुकानासमोर कोणी तरी खडूने 'प्रमादम' लिहिले होते, ते अरुणगिरीनेच पुसले म्हणतात.

भागीरथी लंगडत छत्राच्या विहिरीवर जाते. माझ्याशी बोलत नाही. काही सांगायचे असेल तर राजमला सांगते आणि राजम मला तमिळात सांगते. शेषाद्रीला म्हणालो, तत्त्वाची किंमत द्यावी लागते. तो म्हणाला, "देतं कोण आहे ते बघ." त्याच्याशी वाद घातला. वाद मी जिंकलो.

२० एप्रिल

पंचायतीत गेलो. काम थांबवणे हा जनतेचा सूड आहे, असे त्याला ठणकावून सांगायचे ठरवून गेलो होतो. अरुणगिरी एकटाच होता. त्याने मला खुर्ची दिली, आणि खुर्ची त्याच्या बाजूला असल्यामुळे समोर ते मानपत्र दिसू लागले. अजून तिथेच होते.

"तुम्ही काम थांबवलेत," मी म्हणालो.

"गवंडी वर्षारंभाला गावी गेलेत. सोमवारी येतील."

मग तो मानपत्राकडे बघत म्हणाला, "दुसऱ्याच दिवशी मी कृष्णाजींकडून अर्थ करून घेतला. तीनदा विचारलं, कारण पहिल्या दोन वेळा ते म्हणाले, चांगलाच अर्थ आहे. तिसऱ्या वेळी खरं बोलले."

"मग उतरवले का नाही?"

"तुम्ही खोटं काय लिहिलंत, रायर? सहा वर्षं मी दर महिन्याला पुढचा महिना सांगितला. म्हणून माझ्यासमोर टांगलं. पण तुमच्या कागदाने टाकी होत नव्हती. आईने केली. ती पोन्नाडै पेटीत घालून ठेवली आहे तिने. रोज विचारायची, एवढी पदवी दिली गावाने, पाणी आलं का? तिला खोटं सांगवेना." त्याने मेजावरचे कागद सारखे केले. "तेवढी एकटी होती जिला ठाऊक नव्हतं. तुमच्या सभेनंतर सगळ्या आळीला मी हात जोडून सांगितलं, तिला सांगू नका. पोरांना सांगायचं राहिलं."

मी म्हणालो, माझा रोख तिच्यावर नव्हता.

"ठाऊक आहे. परवा दारात पोरांनी गाणं म्हटलं. ती मला विचारते, अर्थ काय. मी म्हणालो, पोरं खोटं बोलतात. ती म्हणते, ज्याने लिहिलं त्याला बोलाव, तो सांगू दे." मग त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्ही पाचशे लोकांसमोर बोलता. एका म्हातारीसमोर येऊन सांगा की प्रमादम म्हणजे उत्तम. तमिळात ते खोटंही नाही."

मी उठून आलो.

२३ एप्रिल

तीन दिवस टाळले. सत्यासाठी प्राण देणाऱ्यांवर मी व्याख्याने दिली आहेत. त्यांतल्या एकाच्याही वाट्याला ही म्हातारी आली नव्हती.

आज गेलो. ती पाटावर बसून मेथी निवडत होती. अरुणगिरी दारात उभा. ती म्हणाली, "बसा, रायरे. तो शब्द तुम्ही लिहिलात. चांगला की वाईट, सांगा."

मी तोंड उघडले. तमिळात तो शब्द चांगला, हे म्हणायचे होते, आणि ते खरे होते, आणि खोटे होते. "अम्मा," म्हणालो, "तमिळात..." आणि थांबलो. पुन्हा म्हणालो, "तमिळात बघायला गेले तर..."

तिने मेथीची काडी बाजूला टाकली. "खोटं बोलायला इतका वेळ लागतो तुम्हाला? माझा मुलगा चटकन बोलतो. 'पुढच्या महिन्यात पाणी, अम्मा.'"

अरुणगिरीने मान खाली घातली.

"ऐंशी वर्षं तमिळ बोलते मी," ती म्हणाली. "प्रमादम म्हटलं की माणूस हसतो. तुम्ही शाल घातलीत तेव्हा हा हसला नाही. रिक्षात बसेपर्यंत मला कळलं होतं की शब्दात खोट आहे. पण मी विचारलं असतं तर यानं कागद फाडून टाकला असता, आणि खांब तसेच राहिले असते. रोज 'पाणी आलं का' विचारणं सोपं होतं."

"मग डोळे का पुसलेत तेव्हा?" मी विचारले. विचारायला नको होते.

"गाव माझ्या मुलासाठी टाळ्या वाजवत होतं, रायरे. शब्द काय होता ते नंतर कळलं."

उठू लागलो तेव्हा ती म्हणाली, "पाणी येईल त्या दिवशी पहिलं कुडम तुम्ही आणायचं. तुम्ही, दुसरं कोणी नाही. मी पिऊन सांगीन तो शब्द तमिळ आहे की मराठी."

घरी येऊन भागीरथीला हे सगळे सांगितले. तिने ऐकले आणि राजमला जेवायला हाक मारली.

२ मे

टाकी चढली. नळ आमच्या गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत येऊन संपले. कोपऱ्यापासून आमचे घर अकरावे. पुढचा भाग पुढच्या वर्षी, असे कृष्णाजी म्हणाले, आणि म्हणताना माझ्याकडे पाहणे टाळले. राजमला दिवस भरत आले आहेत. वैद्यबाई म्हणाल्या, आठवडाभरात.

६ मे

सकाळी दहाला पाणी आले. आधी नळातून नुसता वारा, मग तांबडे, मग हळूहळू निवळले. अरुणगिरीने भाषण केले नाही, मलाही करायला सांगितले नाही. तोटी उघडली आणि बाजूला झाला.

मी घरातून कुडम नेले होते. भरल्यावर ते उचलता येईना. कमरेवर घ्यायचे की खांद्यावर, हेही ठाऊक नव्हते. रांगेतल्या बायका तोंडावर पदर घेऊन बघत होत्या. शेवटी एकीने वर करून खांद्यावर दिले. अरुणगिरीचे घर दोन गल्ल्यांपलीकडे. निम्मे पाणी माझ्या सदऱ्यावर सांडले. रस्ताभर लोक थांबत होते. पाचशे माणसांसमोर मला कधी संकोच वाटला नाही. आज वाटला.

म्हातारीने पेला भरून घेतला, एक घोट तोंडात घोळवला आणि उरलेले तुळशीला घातले.

"गंज आहे," म्हणाली. "अजून मराठीच. उद्या पुन्हा आणा."

रिकामे कुडम खांद्यावर टाकून घरी आलो. भागीरथी दारात उभी होती. तिने माझ्या ओल्या सदऱ्याकडे पाहिले, मग कुडमात डोकावून बघितले. ते रिकामे होते.

"कोपऱ्यावरूनच आलांत," ती म्हणाली. तीन आठवड्यांत माझ्याशी बोललेले तिचे पहिले वाक्य. "येतांना भरून नाही आणायचें?"

मी मागे फिरलो. रांगेत चौदावा होतो.